पॉकेट रडार स्मार्ट कोच: कॉलेजच्या पिचरची पारख करायला कितपत पुरतं?

अमेरिकेत चार वर्षांच्या कॉलेजातला बेसबॉल खेळाडू तिसरं वर्ष संपल्यावर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर मेजर लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीला, पात्र ठरतो. म्हणून पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, नजर ठेवायची ती पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून. त्या कामासाठी स्मार्ट कोच हे चेंडूचा वेग मोजणारं, खिशात मावणारं, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारं रडार चांगलं आहे. किंमत ४०० डॉलरच्या आसपास. मोजमाप ताशी २५ ते १३० मैल, फरक पडला तर एखाद्या मैलाचा. मात्र हा नेमकेपणा तुम्ही कुठे उभे आहात यावर अवलंबून असतो.

रडार चेंडूच्या रेषेत हवं. पिचरपासून ३० मीटरवर, पण रेषेपासून १० मीटर बाजूला बसलात, तर कोन १८ अंशांचा होतो आणि ९० मैलांचा फास्टबॉल (पिचरची सर्वात वेगवान फेक) ८५ दिसतो. पालकांनी बाकावरून घेतलेले आकडे आणि स्काऊटचे (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांचे) आकडे जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच. जागा फेक झेलणाऱ्या कॅचरच्या थेट मागे, जाळीपलीकडे. इथे दुसरी अडचण येते. यंत्राचा पल्ला १२० फूट. होम प्लेटमागे (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे) ६० फूट मोकळी जागा असलेल्या मैदानावर चेंडू हातातून सुटतो ती जागा जवळजवळ ११५ फुटांवर पडते, म्हणजे काठावरच. चेंडू उशिरा पकडला गेला तर आकडा कमी येतो, कारण प्लेटपर्यंत पोहोचेतो वेग आठ-नऊ टक्क्यांनी घटतो. मधेच एखादा आकडा चार-पाच मैलांनी खाली दिसला तर तो खोडा, सरासरीत घेऊ नका. मोठ्या रडार गन लांबूनही पकडतात, पण त्यांना पैसेही बरेच जास्त पडतात.

खरा उपयोग त्याच्या फोनवरच्या ॲपचा. प्रत्येक फेकीच्या व्हिडिओवर तिचा वेग उमटतो, त्यामुळे पाचव्या इनिंगला ९१ चे ८८ झाले तेव्हा शरीरात काय बदललं हे शोधता येतं. तुलना फास्टबॉलची फास्टबॉलशीच करा; बेसवर धावपटू असतानाच्या फेकी वेगळ्या ठेवा.

फेकीची ढब तपासायला मात्र दुसऱ्या फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण हवंच. पुढचा पाय टेकण्यापासून चेंडू सुटेपर्यंत साधारण ०.१५ सेकंद जातात. नेहमीच्या ३० फ्रेममध्ये त्यातली चार-पाच चित्रं हाती लागतात, २४० मध्ये छत्तीसेक. फोन कमरेच्या उंचीवर, पिचरच्या छातीच्या बाजूने लावा. उजव्या हाताच्या पिचरसाठी ती तिसऱ्या बेसची बाजू. दिव्यांच्या उजेडात चित्र लुकलुकतं आणि हात पुसट दिसतो, म्हणून दुपारचा सामना निवडा.

पहिली थांबवायची फ्रेम पाय टेकतो ती. त्या क्षणी कोपरापासूनचा हात वर आलेला हवा, कंबर फलंदाजाकडे उघडू लागलेली आणि खांदे अजून बंद, म्हणजे न वळलेले. हात खालीच राहिला तर तो धडामागून ओढला जातो. चेंडू वर, हाताच्या बाजूला भरकटतो आणि कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर ताण येतो. पुढे पाहा तो पुढचा गुडघा. चेंडू सुटताना तो ताठ होत जायला हवा. खाली बसत राहिला तर पायांची ताकद वर पोहोचतच नाही. हा दोष ताकद वाढवून आणि सरावाने बराच सुधारतो, म्हणून आमच्या मते तो असलेला ८८ मैलांचा सडपातळ, रुंद खांद्यांचा, मोकळ्या हाताचा मुलगा हा ९२ साठी सगळं अंग झोकून देणाऱ्या, अंगाने आधीच भरलेल्या मुलापेक्षा जास्त लक्ष देण्याजोगा. स्काऊट २० ते ८० च्या मापात आजचा आणि उद्याचा असे दोन गुण देतात ते यासाठीच. रडार फक्त आजच्याला मदत करतं.

चेंडूची फिरकी, वळण, सुटण्याची उंची यातलं स्मार्ट कोच काही सांगत नाही. त्यासाठी रॅप्सोडो किंवा ट्रॅकमन ही चेंडूचा मागोवा घेणारी यंत्रं लागतात, आणि त्यांचा खर्च बराच जास्त आहे. एकट्याने सामने पाहणाऱ्या प्रशिक्षकाने किंवा नवख्या स्काऊटने हे घ्यावं, सोबत स्टँड आणि पॉवर बँक ठेवावी. फक्त मुलाचा सर्वोच्च आकडा हवा असलेल्या पालकांनी त्याच कंपनीचं स्वस्तातलं बॉल कोच घ्यावं.