बीटीसीसीचा २०२४ चा हंगाम: शर्यती झकास, हायब्रिड नापास

ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिप (बीटीसीसी) म्हणजे शोरूममधल्या मॉडेलांवरून बनवलेल्या गाड्यांची ब्रिटनमधली स्पर्धा. तिचा २०२४ चा हंगाम जेक हिलने बीएमडब्ल्यूमधून जिंकला. टॉम इनग्रामची ह्युंदाई शेवटच्या रविवारपर्यंत त्याच्या पाठीला चिकटून होती. दहा वीकएंड, प्रत्येकी तीन शर्यती, आणि विजेता ठरला तो ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅच ट्रॅकवर, अगदी शेवटच्या दिवशी. शर्यतींचा हंगाम म्हणून याला पैकीच्या पैकी गुण. पण याच हंगामाबरोबर हायब्रिड यंत्रणेचाही, म्हणजे इंजिनाला जोड देणाऱ्या बॅटरी-मोटरचाही, निरोप झाला. २०२२ मध्ये ती आली आणि २०२४ संपताच काढून टाकली गेली. ती का टिकली नाही हे समजलं की ही स्पर्धा चालते कशी हेही समजतं, म्हणून या परीक्षणात सगळ्यात जास्त जागा तिलाच.

आधी गाडी. २०११ पासून इथे एनजीटीसी (नेक्स्ट जनरेशन टुरिंग कार) नियम आहेत. गाडीचा सांगाडा शोरूममधल्या मॉडेलचाच असतो, पण पुढची आणि मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी चौकट), सस्पेन्शन, एक्सट्रॅकचा सहा गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स, एपी रेसिंगचे ब्रेक आणि कॉसवर्थची इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यांना सारखीच. इंजिन दोन लिटरचं टर्बो, ताकद साधारण ३५० हॉर्सपॉवर. संघ स्वतःचं इंजिन बनवून घेऊ शकतो, नाहीतर आयोजक ‘टोका’चं तयार इंजिन भाड्याने घेतो. ते २०२१ पर्यंत स्विंडनकडून यायचं, २०२२ पासून एम-स्पोर्टकडून. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. खर्च आटोक्यात ठेवण्याचा हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. लहान संघालाही मोठ्या संघाइतकाच चांगला गिअरबॉक्स मिळतो, त्यामुळे फरक उरतो तो सेटअपचा आणि चालकाचा.

बरोबरीत न येणारी एक गोष्ट मात्र राहते: चाकं कुठली फिरतात. बीएमडब्ल्यूची मागची, ह्युंदाई आणि फोर्ड फोकसची पुढची. सिग्नल सुटल्यावर वजन मागे सरकतं, म्हणून बीएमडब्ल्यू रेषेवरून तीरासारखी सुटते आणि पहिल्या वळणाआधी दोन-तीन जागा खाऊन टाकते. पुढच्या चाकांच्या गाडीला दुसरी अडचण असते. तिचे मागचे टायर नुसते मागून घरंगळत येतात, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत ते थंडच राहतात आणि ब्रेक मारत वळताना गाडीची शेपटी सुटते. पुढच्या टायरांना मात्र ओढणं, वळणं आणि बहुतेक ब्रेकिंग ही तिन्ही कामं करावी लागतात, म्हणून शेवटच्या पाच फेऱ्यांत तेच आधी थकतात. शर्यत बघताना एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे ओव्हरटेक आधीच ओळखता येतात.

आता मूळ प्रश्न. एकाच दिवशी तीन शर्यती घ्यायच्या आणि तिन्ही एकानेच जिंकायच्या नसतील, तर जिंकणाऱ्याच्या पायात काहीतरी अडकवावं लागतं. २०२१ पर्यंत ते काम सक्सेस बॅलास्ट करत होतं, म्हणजे शिशाचं वजन. अनेक हंगामांत पहिल्या दहा जणांसाठी किलोंचा कोष्टक असा होता: ७५, ६६, ५७, ४८, ३९, ३३, २७, २१, १५, ९. पात्रता फेरी आणि पहिल्या शर्यतीसाठी गुणतक्त्यातल्या क्रमांकानुसार वजन, पुढच्या दोन शर्यतींसाठी आधीच्या शर्यतीच्या निकालानुसार.

७५ किलो म्हणजे एक माणूस जास्तीचा बसवल्यासारखं, आणि त्याचा परिणाम गाडीच्या प्रत्येक कामावर होतो. ब्रेक आधी मारावा लागतो, वळणातून वेग उशिरा धरतो, कर्बवरून (ट्रॅकच्या उंच कडेवरून) गाडी जड आपटते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टायर लवकर संपतात. त्यामुळे वजनदार गाडी पहिल्या पाच फेऱ्या पुढे राहायची, दहाव्या फेरीला मागच्यांची रांग तिच्या बम्परला लागायची आणि शेवटी ती सापडायची. शर्यतीला सुरुवात, मध्य आणि शेवट मिळायचा. चांगला चालक टायर राखून ते वजन पेलूही शकायचा. अॅश सटनने २०२० आणि २०२१ ची विजेतेपदं मागच्या चाकांच्या इन्फिनिटीतून जिंकली ती असलं ओझं घेऊनच.

हायब्रिडने नेमकं हेच घालवलं. नव्या रचनेत प्रत्येक फेरीला कमाल १५ सेकंद विजेची जादा ताकद मिळायची. गुणतक्त्यात जो वर त्याला कमी सेकंद, आणि आघाडीवरच्याला शून्य. कागदावर हिशेब तोच, फक्त ओझं चढवण्याऐवजी मदत काढून घ्यायची. पण ही मदत लागू पडते फक्त सरळ रस्त्यावर. ब्रेकिंगवर तिचा परिणाम नाही, वळणावर नाही, टायरच्या झिजेवर जवळजवळ नाही. आघाडीवरच्याकडे वीज नसली तरी त्याचे टायर ताजेच राहायचे. स्नेटर्टनच्या बेंटली स्ट्रेटसारख्या लांब पट्ट्यावर तो अलगद गिळला जायचा, पण ब्रँड्स हॅचच्या छोट्या इंडी ट्रॅकवर त्याला गाठणं मागच्याला फार जड जायचं. म्हणजे शिक्षा यशावर नाही, ट्रॅकच्या आकारावर ठरू लागली.

दुसरी चूक वजनाचीच. बॅटरी, मोटर आणि त्यांच्या वायरिंगसह सगळा संच प्रत्येक गाडीत कायमचा बसला. जिंकणाऱ्यापुरतं असलेलं ओझं आता सगळ्यांच्याच वाट्याला आलं, अगदी शेवटून दुसऱ्याच्याही. तिसरी चूक प्रेक्षकाची. शिसं कोणाच्या गाडीत किती, हे छापील यादीत वाचता यायचं आणि मग वळणावर डोळ्यांनी दिसायचं. कोणी कुठल्या पट्ट्यावर किती सेकंद वापरले हे कठड्याला उभ्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. पुढच्यानेही बटण दाबलं आणि मागच्यानेही दाबलं तर निष्पत्ती शून्य, आणि तसं वारंवार व्हायचं.

यात चालकांचा काही दोष नाही. हिल आणि इनग्राम यांनी २०२४ भर जी झुंज दिली ती हायब्रिड असूनही, हायब्रिडमुळे नव्हे.

गुणांचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या पंधरा जणांना २०, १७, १५, १३, ११, १०, ९ आणि तिथून एकेक कमी होत शेवटी १. सर्वात वेगवान फेरीला एक जादा, एक तरी फेरी आघाडीवर पूर्ण केली तर एक, आणि पहिल्या शर्यतीच्या पोलला, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेला, एक. तीसही शर्यतींत चौथा क्रमांक आला तर ३९० गुण होतात, आणि विजेतेपद साधारण याच्या थोडं वर असतं. म्हणून विजयापेक्षा महागात पडतं ते शर्यत अर्धवट सुटणं. आणि ते नुसतं त्या एका शर्यतीचं नुकसान नसतं. पहिल्या शर्यतीचा निकाल हाच दुसऱ्या शर्यतीचा ग्रिड, म्हणजे सुरुवातीची रांग, त्यामुळे पहिलीत बाहेर पडलेला चालक दुसरी शेवटच्या रांगेतून सुरू करतो, गर्दीत गाडी ठोकून घेतो, आणि रविवार संपतो तेव्हा हातात चार-पाच गुण.

तिसऱ्या शर्यतीत उलटा ग्रिड असतो. सहाव्या क्रमांकापासून खालच्या एखाद्या आकड्याची चिठ्ठी निघते. आठ निघाला तर दुसऱ्या शर्यतीतला आठवा पोलवर आणि विजेता आठव्या जागी. विजेतेपदाच्या दावेदाराने दुसऱ्या शर्यतीत मुद्दाम मागे पडावं का? नाही. चिठ्ठी कुठली निघेल याचा भरवसा नाही, आणि हातातले १७ गुण सोडून संभाव्य २० मागे धावणं तोट्याचं. पण सातव्या जागेवर असलेल्याने सहाव्यासाठी धोका पत्करावा का, हा प्रश्न वेगळा. तिथे फरक एकाच गुणाचा असतो, म्हणून शहाणा चालक शेवटच्या दोन फेऱ्यांत तिथे गप्प बसतो. हे पाहायला लागलं की दुसऱ्या शर्यतीचा मधला घोळका आघाडीपेक्षा जास्त रंगतो.

गाड्या बिघडतात त्या ठरावीक कारणांनी. दाराला दार घासलं की टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) वाकतो. मग स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढते आणि दोन फेऱ्यांत टायरची आतली कड जाते. गवतात गेलेली गाडी परत आली तरी रेडिएटरच्या तोंडात गवत अडकतं, तापमान चढतं आणि चालकाला पुढच्या गाडीमागची हवेची पोकळी सोडून थोडं बाजूने चालवावं लागतं. मागून बम्परला धक्का बसला की स्प्लिटर (पुढच्या बम्परखालची पट्टी) तुटतो तो धक्का देणाऱ्याचा, म्हणजे पुढची पकड तोच गमावतो. टर्बोच्या होजची क्लिप निसटली तर गाडी एकदम मवाळ होते आणि सरळ रस्त्यावर पाच जण निघून जातात. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी) आली तर वाया गेलेल्या फेऱ्यांच्या बदल्यात तीनपर्यंत फेऱ्या वाढवल्या जातात, आणि जपून ठेवलेल्या टायरांचा हिशेब तिथे कोलमडतो.

ट्रॅकमध्ये थ्रक्सटन सगळ्यात निष्ठुर. २.३५६ मैल, खरखरीत डांबर, आणि ‘चर्च’ नावाच्या उजव्या वळणात पाय न काढता जाण्याचा मोह. सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर येतो, म्हणून इथे हार्ड टायर देतात, आणि तरीही पुढच्या चाकांच्या गाडीला तो राखूनच चालवावा लागतो. क्रॉफ्टला हळू वळणांतून बाहेर पडताना बीएमडब्ल्यूंची पकड उठून दिसते. नॉकहिल १.२७ मैलांचा, चढउतारांचा, कर्बवर गाड्या अक्षरशः तीन चाकांवर. सिल्व्हरस्टोनचा नॅशनल ट्रॅक १.६४ मैलांचा. वळणं मोजकी, त्यामुळे सगळे एकमेकांमागच्या हवेच्या पोकळीत चिकटून जातात आणि ब्रुकलंड्स वळणाच्या ब्रेकिंगला तिघे बरोबरीने पोहोचतात. ओल्टन पार्क देखणं आहे, पण अरुंद. तिथे पात्रता फेरीच अर्धी शर्यत.

पाहण्याची सोय या स्पर्धेइतकी चांगली क्वचितच असते. ब्रिटनमध्ये रविवारचा अख्खा दिवस आयटीव्ही४ वर थेट दिसतो, पोर्शे कॅरेरा कपसारख्या जोडशर्यतींसकट. समालोचनात डेव्हिड अॅडिसनबरोबर टिम हार्वी असतो. १९९२ चा विजेता तोच, त्यामुळे कोणी कोणाला मुद्दाम ढकललं आणि कोणाचा ब्रेक खरंच चुकला हे तो लगेच ओळखतो. शेजारी टीएसएल या वेळ मोजणाऱ्या कंपनीचं मोफत लाइव्ह टायमिंग उघडून ठेवावं. सेक्टरच्या वेळा पाहिल्या की कोणाचे टायर संपत आले हे कॅमेऱ्याआधी कळतं: शेवटच्या सेक्टरमध्ये सलग तीन फेऱ्या दोन-तीन दशांश गेले, की ती गाडी सापडणार.

प्रत्यक्ष जायचं तर पहिली पसंती ब्रँड्स हॅचच्या इंडी वीकएंडला. पॅडॉक हिलच्या उतारावर उभं राहिलं की १.२०८ मैलांचा जवळजवळ सगळा ट्रॅक एका नजरेत येतो. पॅडॉक (संघ गाड्या तयार करतात तो भाग) सगळ्यांना खुला असतो, चालकांच्या सह्यांसाठी दुपारी पिटलेनमध्ये वेळ राखलेला असतो. ब्रँड्स, ओल्टन, स्नेटर्टन आणि डॉनिंग्टन या एमएसव्ही कंपनीच्या ट्रॅकवर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. शनिवारी गेलं तर गर्दी कमी आणि मेकॅनिक गाडी पूर्ण उघडून काम करताना जवळून दिसतात.

२०२५ पासून हायब्रिड संच निघाला, गाड्या हलक्या झाल्या, इंधन पूर्णपणे खनिज तेलाविना बनलेलं आलं, आणि जादा ताकद टर्बोच्या वाढीव दाबातून मिळू लागली. २०२५ चं विजेतेपद इनग्रामकडे गेलं, २०२२ नंतर पुन्हा. गाड्या हलक्या झाल्याचा फायदा ब्रेकिंगमध्ये लगेच दिसतो. पण मदत अजूनही सरळ रस्त्यापुरतीच आहे. शिसं परत आणलं असतं तर टायरांची लढाई परत आली असती, आणि ही एक मागणी सोडायला नको.

ऑक्टोबरमधल्या समारोपाला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ब्रँड्सचा २.४३ मैलांचा ग्रां प्री ट्रॅक सर्टीज वळणानंतर जंगलात शिरतो आणि गाड्या बराच वेळ दिसेनाशा होतात. पहिली शर्यत हवं तर तिथे झाडांत पाहा, आवाज फार छान घुमतो. तिसऱ्या शर्यतीला मात्र अर्धा तास आधी ड्रुइड्स वळणाला जागा धरा, कारण विजेतेपदाचा धक्का बसतो तो बहुधा तिथल्याच ब्रेकिंगला.