सिंकोनाची साल: सात महिन्यांच्या वापरानंतर

टॉनिक वॉटर, म्हणजे क्विनाइन घातलेला कडसर सोडा, घरी करून बघायचं म्हणून सिंकोनाची साल आणली, त्याला आता सात महिने झाले. जुनी माणसं तापावर घ्यायची ते कडूजहर कोयनेल, म्हणजे क्विनाइन, याच सालीतलं. झाड मूळचं अँडीज पर्वतातलं. पेरूच्या राजचिन्हावरही ते आहे. १८२० मध्ये पेलेतिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनाइन वेगळं काढलं.

चवीबद्दल आधी सांगतो, कारण मी अडकलो तो चवीतच. विकतचं टॉनिक पाण्यासारखं नितळ असतं, त्यात कडूपणासाठी नुसतं शुद्ध क्विनाइन. सालीचं सरबत विटकरी होतं. आधी लिंबाचा आंबटपणा, मग साखर, आणि घोट गिळल्यावर मागून कडू येतं, तुरटपणा आणि लाकडाचा वास घेऊन. ते बराच वेळ जिभेवर रेंगाळतं. मला आता विकतचं टॉनिक पोकळ लागतं.

पण भुकटी घेऊ नका. पहिले दोन महिने मी तीच वापरली. साध्या गाळणीतून ती खाली उतरते आणि फिल्टर पेपरात चोंदून बसते. एकदा कंटाळून नीट न गाळता, सालही अंदाजपंचे टाकून सरबत केलं आणि संध्याकाळभरात तीन ग्लास प्यायलो. रात्री कानात शिट्टी वाजायला लागली, डोकं जड झालं. क्विनाइन जास्त झाल्याची ही खूण. तिला सिंकोनिझम म्हणतात. दुसऱ्या दिवशी आवाज थांबला, पण मी चांगलाच घाबरलो होतो. डॉक्टरांना विचारूनच महिन्याभराने पुन्हा सुरुवात केली.

तेव्हापासून सालीचे तुकडे आणि वजनकाटा. लिटरभर पाण्याला सहा ग्रॅम, त्यात सायट्रिक ॲसिड. आंबट पाण्यात अल्कलॉइड्स, म्हणजे क्विनाइनसारखी सालीतली कडू द्रव्यं, चांगली उतरतात. ग्लासात तीस मिली सरबत, वर सोडा. दिवसाला एकच. अमेरिकेत टॉनिकमध्ये क्विनाइनला ८३ पीपीएमची (दहा लाख भागांत ८३ भाग) मर्यादा आहे, पण घरच्या बाटलीत ते किती उतरलंय हे मोजता येत नाही. प्रत्येक सालीत प्रमाण वेगळं असतं, म्हणून मी हात आखडताच ठेवतो.

गरोदर बाई, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेला माणूस, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला, यांना मी हा ग्लास देत नाही. आणि हिवतापावर घरगुती औषध म्हणून तर कुणीच घेऊ नये, त्यासाठी दवाखानाच गाठावा.

सध्या फ्रीजमध्ये संत्र्याची साल घातलेली बाटली आहे. तळाशी गाळ अजून बसतोच. वरचं निवळ तेवढं ओतून घेतो.