चार रकाने आणि एक ‘च’: चिंतेची वही आठ महिने वापरल्यानंतर

दोनशे पानी फुलस्केप वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला टायमर. सामान एवढंच, खर्च दीडशे रुपयांच्या आत. ताणावरची ॲप आणि महागड्या छापील डायऱ्या बाजूला ठेवून चिंता लिहून काढायची ही पद्धत सलग आठ महिने वापरली. नोकरी करून घर बघणाऱ्या बाईला ती कितपत उपयोगी पडते, कुठे अडते आणि कुठला भाग खुशाल सोडून द्यावा, ते लिहिते. आधीच सांगते, ध्येयांचा जो भाग सगळ्यात जास्त मिरवला जातो तोच सगळ्यात कमी टिकला. कामाला आलं ते एक अक्षर.

वही अशी आखायची. शेवटची वीस पानं टिपणांसाठी राखून ठेवायची. बाकीच्या पानांवर उभे चार रकाने: काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, किती वाटलं (० ते १००), आणि वाक्य बदलून. तिसरा रकाना अरुंद ठेवा, त्यात फक्त आकडा येतो. दुसरा सगळ्यात रुंद.

दिवसभर फक्त टिपणांची पानं वापरायची. चिंता आली की वेळ आणि जास्तीत जास्त चार शब्द: ‘११.२०, ऑडिटची फाईल, सही’. बस, वही बंद. बहुतेकींचं गणित इथेच चुकतं. टिपण म्हणून अर्धं पान लिहिलं जातं आणि कामाच्या टेबलावर बसून चिंताच केली जाते, फक्त पेन्सिलीनं. टिपणाचा उपयोग मनाला ‘नोंद झाली, संध्याकाळी बघू’ असं सांगण्यापुरता आहे.

संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, वीस मिनिटांचा टायमर लावून वही उघडायची. ही ‘चिंतेची वेळ’ काही नवी टूम नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच ती तपासली होती. त्यांनी रोज अर्धा तास दिला होता, पण आपल्याकडे संध्याकाळचा अर्धा तास म्हणजे चैन आहे, वीस मिनिटांत भागतं. जागा मात्र पलंग नको. पलंगावर बसून रोज चिंता केली तर पलंग आणि चिंता यांची गाठ बसते आणि मग दिवा मालवला की डोकं सुरू होतं. झोपेच्या निदान दोन तास आधी हे आटपलेलं बरं. स्वयंपाकघरातलं स्टूल चालतं. लोकलमध्ये बसायला मिळत असेल तर परतीचा प्रवासही चालतो, पण तिघींच्या बाकावर कशीबशी चौथी सीट मिळाली तर वही उघडायचा विचार सोडा.

वीस मिनिटांत करायचं एवढंच. दिवसभराची टिपणं वाचायची, जी विझलेली असतील त्यांच्यावर रेघ मारायची (सकाळी अकराला डोंगराएवढी वाटलेली गोष्ट संध्याकाळी बऱ्याचदा वाचूनही आठवत नाही), आणि उरलेल्यांतली एकच रकान्यांत उतरवायची. एकच! तिन्ही-चारही उतरवायला गेलात की वही म्हणजे आणखी एक राहिलेलं काम होतं.

आता रकाने. ही मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीतून आली आहे. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणतात. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे आणि डॉ. आनंद नाडकर्णींच्या व्याख्यानांमुळे ती बऱ्याच घरांत ऐकून माहीत असते. मूळ म्हणणं सोपं आहे: प्रसंगानं आपण जेवढे हलतो त्यापेक्षा प्रसंगाबद्दल मनात धरलेल्या हट्टानं जास्त हलतो. एलिस यांचा सगळा रोख इंग्रजीतल्या ‘मस्ट’वर होता. मराठीत तो हट्ट शोधणं उलट सोपं, कारण तो एका अक्षरात मावतो. ‘च’.

एक नोंद जवळून बघू. पहिल्या रकान्यात लिहिलंय: ‘उद्या आढावा बैठक. साहेब वसुलीचे आकडे विचारणार.’ दुसऱ्यात: ‘मला सगळे आकडे आलेच पाहिजेत, नाहीतर मी कामाची नाहीच.’ तिसऱ्यात: ८०. आता पेन्सिलीनं दोन्ही ‘च’भोवती गोल करायचा. दोन ‘च’ दोन वेगळी कामं करतात. पहिला इच्छेचा हुकूम करतो, दुसरा एका चुकीवरून अख्ख्या माणसाचा निकाल लावतो. चौथ्या रकान्यात वाक्य नव्यानं: ‘आकडे यावेत असं फार वाटतं, म्हणून या तिमाहीचे तीन मुख्य आकडे पाठ करते. बाकीचं विचारलं तर दुपारी चारपर्यंत पाठवते असं सांगेन. तेव्हा वाईट वाटेल, पण एका बैठकीवरून माझं काम ठरत नाही.’ पुन्हा आकडा: ४५.

४५ हा चांगला आकडा आहे. शून्यावर यायचंच (हा बघा ‘च’) असं धरलं तर पद्धत हमखास फसते. बैठकीआधी थोडी काळजी हवी, तीच तीन आकडे पाठ करून घेते. चौथ्या रकान्यात ‘सगळं छान होईल, मी समर्थ आहे’ असली वाक्यं लिहिली तर आकडा त्या रात्री धाडकन खाली येतो आणि सकाळी डबा भरताना पुन्हा ८०. मनाला ते पटलेलं नसतं, म्हणून. पटेल असं वाक्य सहसा थोडं रुक्ष असतं आणि त्यात एखादी वेळ, संख्या किंवा तोंडी द्यायचं उत्तर असतं.

पहिल्या रकान्यातली चूक वेगळी. तिथे ‘बाईंनी सगळ्यांसमोर अपमान केला’ असं लिहिलं जातं. अपमान हे आपलं मत झालं. खोलीतल्या कॅमेऱ्यानं जे टिपलं असतं तेवढंच लिहायचं: ‘बाई सहा जणांसमोर म्हणाल्या, हे पुन्हा करून आणा.’ एवढ्यानंही आकडा दहा-पंधरानं उतरतो, हे मला पहिले दोन महिने खरं वाटत नव्हतं.

आणि प्रत्येक ‘च’ गुन्हेगार नसतो. ‘मी आत्ताच आले’, ‘शिफ्टच्या आधी इंजेक्शनांची मोजणी केलीच पाहिजे’ यांतले ‘च’ बिनतक्रार राहू द्या. गोल करायचा तो ‘मी’, ‘लोकांनी’ किंवा ‘आयुष्यानं’ असंच असलं पाहिजे म्हणणाऱ्यांभोवती. ‘च’ नसलेले पण त्याच घरातले आणखी काही शब्द सापडतात: ‘नेहमी’, ‘कायम’, ‘सहन होत नाही’, ‘कसली मेली आई मी’.

भीतीसाठी वेगळं पान लागतं. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची ० ते १०० ची मोजपट्टी घ्यायची आणि एकाच भीतीच्या पायऱ्या लिहायच्या. बैठकीत बोलण्याची शिडी साधारण अशी पडते: ऑनलाइन बैठकीत चॅटमध्ये प्रश्न टाकणं २५, एक प्रश्न तोंडी विचारणं ४०, आपल्या कामाचा दोन मिनिटांचा आढावा ५५, वरिष्ठांच्या म्हणण्यावर ‘मला वेगळं वाटतं’ म्हणणं ७०, पगारवाढीचं बोलणं ८५. दोन पायऱ्यांत पंधराच्या वर अंतर नको. एक पायरी आठवड्यात दोन-तीनदा, आकडा जवळपास निम्मा होईपर्यंत, मग पुढची. चारदा करूनही आकडा हलत नसेल तर बहुधा आपण लपून करतोय: कागदावरून वाचून दाखवणं, कॅमेरा बंद ठेवणं, शेजारच्या मैत्रिणीला ‘तू सुरुवात कर’ म्हणणं. अशा आधारानं पायरी चढली तर मन श्रेय आधाराला देतं. आधार एकेक करून काढा, सगळे एकदम नकोत.

शिडी खऱ्या धोक्यावर लावू नका. एखाद्या माणसाच्या केबिनमध्ये जायची भीती वाटते आणि त्याचं कारण त्याचं वागणं असेल तर ती भीती बरोबर आहे, कमी करायची नाही. तिथे २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. वहीतल्या पहिल्या रकान्यासारख्या नोंदी, तारीख-वेळ-शब्द-कोण हजर होतं, इथे फार उपयोगी पडतात.

ध्येयांचं थोडक्यात. ‘यंदा जेएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा) द्यायची’ हे ध्येय वहीत लिहून काहीही होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘जेव्हा-तेव्हा’ची वाक्यं मात्र चालतात: ‘कुकर गॅसवर चढला की ओट्याशी उभं राहून पाच प्रश्न सोडवायचे.’ खूण रोज आपोआप घडणारी हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नाही, ती कधी येतच नाही. एका वेळी दोन वाक्यं. मी पाचपर्यंत नेली तेव्हा पाचही गळाली, आणि महिन्याच्या ध्येयांचं रंगीत पान तिसऱ्या महिन्यानंतर उघडलंही नाही.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी, ही जोड मात्र ठेवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी बारीक तितकं बरं: ‘बँक’ असं लिहून भागत नाही, ‘बँक, केवायसी, आधारची झेरॉक्स’ असं लिहा.

आता खरी अडचण. सहा आठवडे झाले की टिपणांची पानं उलटून बघा आणि ज्या नोंदी विचारांच्या नसून कामाच्या आहेत त्यांच्यापुढे ‘का’ (म्हणजे काम) लिहा. ‘सिलिंडर लावायचा राहिला’, ‘सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली’, ‘शाळेच्या स्नेहसंमेलनाला पांढरा सदरा’. यांत बदलायला वाक्यच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. हा फरक चौथ्या रकान्यात मिटत नाही. निम्म्याहून जास्त नोंदींपुढे ‘का’ आला तर वही मिटून घरात बोलायला बसा. आणि काम देताना अख्खं द्या: लक्षात ठेवणं, ठरवणं आणि करणं, तिन्ही. ‘तू सांग ना, मी करतो’ यात पहिली दोन आपल्याकडेच राहतात, आणि टिपणात रोज येतात ती तीच. गोळ्यांचं काम दिलं तर डबी, चिठ्ठी आणि मेडिकलवाल्याचा नंबर त्याच्याकडे. एकदा गोळी संपेपर्यंत लक्षात राहिली नाही तरी पळत जाऊन आणायची ती त्यानंच. हे मनाला फार जड जातं, इथेही एक ‘च’ असतो: ‘माझंच लक्ष हवं.’

गोपनीयता हा या पद्धतीचा मोठा दोष. चार माणसांच्या घरात वही सुरक्षित नसते. नावांऐवजी अक्षरं वापरा, वही ऑफिसच्या कुलुपाच्या खणात ठेवा, आणि ज्यात दुसऱ्याचं गुपित असेल ते पान लिहून फाडून टाकलं तरी काम झालेलं असतं. मोबाइलवर करून बघितलं. वही उघडायला जावं तर वर शाळेच्या ग्रुपचे चौदा मेसेज दिसतात.

पहिले तीन आठवडे चिंता वाढल्यासारखी वाटते, कारण आधी न मोजलेलं आता मोजलं जातं. त्यात सोडू नका. पण छातीत धडधड, सतत थकवा, केस गळणं असं काही सोबत असेल तर वहीआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. दोन्हींची लक्षणं ताणासारखी दिसतात आणि त्यावर कितीही ‘च’ खोडले तरी फरक पडत नाही. दोन आठवडे रोज उदास वाटतंय, झोप-भूक बिघडली आहे, बाळंतपणानंतर रडू थांबत नाही किंवा जगू नये असं वाटतंय, तर ही पद्धत पुरेशी नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पहिली वही सातव्या महिन्यात भरली. दुसरी शंभर पानी घेतली, तीत रकाने तीनच आखलेत. आकडा आता समासात लिहिते, ध्येयांचं पान काढून टाकलंय आणि टिपणांची पानं वीसच्या जागी तीस ठेवली आहेत.