अभयपत्र खिशात, सबपीना हातात: बोलावं की गप्प राहावं?

फौजदारी तपासात सरकारनं एखाद्याला अभय दिलं, म्हणजे त्याचं बोलणं त्याच्यावर उलटणार नाही अशी हमी दिली, तो बोलला, आणि विषय संपला असं त्याला वाटलं. मग त्याच व्यवहारावरून नुकसानभरपाईचा दिवाणी दावा उभा राहतो आणि समोरचा वकील त्याला सबपीना, म्हणजे साक्षीला येण्याचा हुकूम, धाडतो. ‘तुम्हाला अभय आहेच, मग तेच पुन्हा सांगायला काय हरकत?’ हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की भलेभले फसतात. अमेरिकेत हरकत आहे, आणि मोठी आहे. भारतात हीच गाठ वेगळ्या टोकानं सोडवलेली आहे. नोकरी न्यू जर्सीत आणि भागीदारी पुण्यात असणाऱ्याला हा फरक साक्षीच्या आधी कळलेला बरा.

पन्हळी पुठ्ठा आणि तिहेरी प्रश्न

अमेरिकेतला याबाबतचा कायदा आजही ‘पिल्सबरी विरुद्ध कॉनबॉय’ या १९८३ च्या निकालावर उभा आहे. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांचे भाव कंपन्यांनी संगनमतानं ठरवले, असा तपास १९७०च्या दशकाच्या अखेरीस चालू होता. कॉनबॉय हे अशा एका कंपनीचे माजी अधिकारी. सरकारी वकिलांनी त्यांची मुलाखत घेतली, नंतर अभय देऊन ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, साक्ष घेतली. पुढे खोकी विकत घेणाऱ्या कंपन्यांनी दिवाणी दावे लावले आणि त्या जुन्या जबानीच्या प्रती कोर्टाच्या आदेशानं त्यांच्या वकिलांच्या हाती पडल्या.

डिपॉझिशनच्या, म्हणजे सुनावणीआधी वकिलांनी शपथेवर घेतलेल्या साक्षीच्या, टेबलावर वकिलानं त्या प्रती समोर ठेवूनच प्रश्न बांधले. आधी मूळ प्रश्न: भावाबद्दल तुम्ही अमक्याशी बोललात का? लगेच दुसरा: सरकारी मुलाखतीत तुम्ही तसं सांगितलंत ना? आणि तिसरा: ग्रँड ज्युरीपुढेही तेच सांगितलंत ना? कॉनबॉय यांनी अमेरिकी संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीचा (स्वतःला गुन्ह्यात अडकवणारी साक्ष द्यायची सक्ती नाही) आधार घेऊन एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. खालच्या कोर्टानं ‘उत्तर द्या’ म्हटलं, त्यांनी नकार दिला, अवमान ठरला. सातव्या सर्किटच्या (संघीय अपील कोर्टाच्या) पूर्णपीठानं तो आदेश फिरवला आणि सुप्रीम कोर्टानं पूर्णपीठाची बाजू उचलून धरली.

न्यायमूर्ती पॉवेल यांच्या निकालाचा गाभा असा: अभय मिळतं ते त्या वेळच्या, त्या आदेशाखाली दिलेल्या साक्षीला. नंतरचं उत्तर जुन्या उत्तराची शब्दशः नक्कल असलं तरी ती नवी साक्ष, नवा पुरावा. शिवाय प्रश्न जुन्या जबानीतून काढला म्हणून उत्तर तिथंच थांबत नाही. दुसऱ्या पक्षाची उलटतपासणी येते, आठवणी खोदल्या जातात, जुन्या जबानीत नसलेला एखादा तपशील निसटतो. उद्या सरकारनं खटला भरला तर ‘हा पुरावा आम्हाला स्वतंत्रपणे, दिवाणी डिपॉझिशनमधून मिळाला’ असं म्हणायला वाव राहतो. तो धोका साक्षीदारानं का पत्करावा?

एक सोयीची वाट कोर्टानं मुद्दाम बंद केली. ‘दिवाणी न्यायाधीशच म्हणतो की हेही उत्तर अभयाखाली येतं, मग झालं,’ असं म्हणता येत नाही. संघीय कायद्याच्या कलम ६००३ प्रमाणे अभयाचा आदेश निघतो तो सरकारी वकिलाच्या अर्जावर, आणि त्या अर्जाला न्याय खात्याच्या वरिष्ठांची मंजुरी लागते. दिवाणी न्यायाधीशाकडे तो अधिकारच नाही. म्हणून डिपॉझिशनच्या खोलीत समोरच्या वकिलानं कितीही प्रेमानं ‘काळजी करू नका’ म्हटलं तरी त्या शब्दाची किंमत शून्य.

आधी कागद नीट वाचा

‘अभय’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी फिरतात.

कलम ६००२ खालचा आदेश बोललेल्या शब्दांना आणि त्यांच्या धाग्यानं सापडलेल्या पुराव्याला कवच देतो. गुन्ह्याला माफी देत नाही. १९७२ च्या कास्टिगर निकालानं एवढं कवच पुरेसं मानलं, मात्र आपला पुरावा पूर्णपणे दुसरीकडून आला हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर टाकलं. खोटी साक्ष दिली तर कवच लागू नाही.

दुसरा प्रकार त्या व्यवहारापुरत्या संपूर्ण अभयाचा. न्यूयॉर्क राज्यात ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देणाऱ्याला, त्यानं लेखी सोडून दिलं नसेल तर, हे आपोआप मिळतं. ज्याच्याकडे हे आहे त्याची राज्यापुरती भीती संपते, पण संघीय खटला उरतो. राज्यानं सक्तीनं घेतलेली साक्ष संघीय सरकारला वापरता येत नाही, हे १९६४ च्या मर्फी निकालापासून ठरलेलं आहे. मात्र तिथंही कवच शब्दांना, गुन्ह्याला नव्हे.

तिसरा आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे सरकारी वकिलाच्या कार्यालयाचं नुसतं पत्र. तो करार आहे. सहसा तो फक्त सही करणाऱ्या कार्यालयाला बांधतो, आणि बारीक अक्षरात अपवाद असतात: ‘उलटतपासणीत खोडण्यासाठी वापरू’, ‘मिळालेल्या धाग्यांवर पुढचा तपास करू’. हे पत्र दाखवून दिवाणी साक्षीला बसणं म्हणजे छत्रीचा दांडा घेऊन पावसात जाणं.

अमेरिकेत: गप्प राहण्याची किंमत

हक्क आहे म्हणून तो फुकट नाही. फौजदारी खटल्यात आरोपीच्या मौनाविरुद्ध बोट दाखवता येत नाही. दिवाणीत दाखवता येतं, हे बॅक्स्टर विरुद्ध पाल्मिजियानो (१९७६) पासून पक्कं आहे. ‘उत्तर दिलं असतं तर ते त्याच्या तोट्याचं असतं’ असं ज्युरी समजू शकते, मात्र मौनाला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा: मी दाव्यातला पक्षकार आहे की त्रयस्थ? तुम्ही प्रतिवादी असाल आणि पैसे तुमच्या खिशातून जाणार असतील, तर मौनानं दावा हरण्याची शक्यता खरीच आहे. तुम्ही निव्वळ साक्षीदार असाल, कॉनबॉय यांच्यासारखे, तर मौनाचा आर्थिक फटका बहुधा दुसऱ्या कुणाला बसेल. बहुधा म्हटलं, कारण जवळचा संबंध असेल तर त्रयस्थाच्या मौनाचा अर्थ पक्षकाराविरुद्ध काढता येतो. दुसऱ्या सर्किटनं १९९७ च्या लिबुटी प्रकरणात त्यासाठी नातं, नियंत्रण, हितसंबंध अशा कसोट्या घालून दिल्या. जुन्या मालकाचा वकील डिपॉझिशनच्या आदल्या दिवशी ‘बोला हो, काही होत नाही’ म्हणत असेल तर तो कुणाचा वकील आहे हे आठवावं.

हक्क सांगायची पद्धतही चुकते. सबपीना आला म्हणून जायचंच नाही, असं चालत नाही. जायचं, शपथ घ्यायची, आणि प्रश्नागणिक हक्क सांगायचा. नाव-पत्ता सांगायला सहसा अडचण नसते. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला धोका आहे का हे तुमच्या वकिलानं तोलायचं. कसोटी सैल आहे: उत्तर गुन्ह्याच्या साखळीतली एक कडी पुरवू शकतं, एवढं पुरे (हॉफमन, १९५१). निर्दोष माणसालाही हा हक्क सांगता येतो. संघीय नियमानं डिपॉझिशनची मर्यादा एक दिवस, सात तास. सात तास तेच वाक्य म्हणणं कंटाळवाणं असतं, आणि कंटाळ्यातूनच चूक होते.

चूक बहुतेक वेळा एकच. साक्षीदार सुरुवातीला मोकळेपणानं बोलतो, ‘हो, त्या बैठकीला मी होतो, भावाची चर्चा झाली’ असं सांगतो आणि ‘कोण कोण होतं?’ या प्रश्नाला अडतो. रॉजर्स निकाल (१९५१) सांगतो की गोत्यात आणणारी मूळ वस्तुस्थिती एकदा आपण होऊन सांगितली की तपशील लपवता येत नाहीत. अर्धं बोलणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. पूर्ण बोला किंवा त्या विषयाच्या उंबऱ्यावरच थांबा.

कागदपत्रांचं गणित निराळं आहे. कंपनीला हा हक्क नाही, आणि कंपनीचे कागद सांभाळणाऱ्यानंही ‘माझ्यावर येईल’ म्हणून ते अडवून ठेवता येत नाहीत (ब्रॅसवेल, १९८८).

बोलणं आणि मौन यांच्या मधले दोन मार्ग आहेत. एक, फौजदारी धोका संपेपर्यंत दिवाणी दावा किंवा निदान तुमचं डिपॉझिशन थांबवावं असा अर्ज. आरोपपत्र आलेलं असेल तर तो मंजूर होण्याची शक्यता वाढते, नुसत्या तपासाच्या भीतीवर कमी. बऱ्याच संघीय गुन्ह्यांची मुदत पाच वर्षांची आहे, ती उलटली की धोकाच संपतो आणि मौनाचा हक्कही. दोन, सरकारी वकिलाकडून या डिपॉझिशनसाठी नवा आदेश. कॉनबॉयचा निकाल याच दाराकडे बोट दाखवतो, पण खासगी भरपाईच्या दाव्यासाठी सरकार आपला भावी खटला अडचणीत का आणेल? त्यावर विसंबू नये. साक्ष सीलबंद ठेवण्याचा आदेश मात्र अभयाचा पर्याय नव्हे. ग्रँड ज्युरीचा सबपीना ते सील फोडू शकतो.

भारतात: बोलावंच लागतं, पण उत्तराला कवच चिकटतं

इथं अनेकांची गल्लत होते. संविधानाचं कलम २०(३) ‘अपराधाचा आरोप असलेल्या’ व्यक्तीला संरक्षण देतं. दिवाणी दाव्यातला साधा साक्षीदार त्या शब्दांत बसत नाही. त्याच्यासाठी पुरावा कायद्याचं कलम १३२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३७. मजकुराचा आशय तोच: मुद्द्याशी संबंधित प्रश्नाचं उत्तर ‘मी गुन्ह्यात सापडेन’ म्हणून टाळता येणार नाही, पण जे उत्तर देणं भाग पडलं त्यावरून अटक नाही, खटला नाही, आणि फौजदारी कारवाईत ते तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. अपवाद एकच, त्या उत्तरानं खोटी साक्ष दिल्याचा खटला.

म्हणजे अमेरिकेत कवच आधी हातात पडावं लागतं, मग बोलायचं. भारतात बोलता बोलता कवच तयार होतं. सरकारी वकिलाच्या सहीची गरज नाही. साक्षीदाराच्या दृष्टीनं हे स्वस्त आहे, पण त्यात तीन भोकं आहेत.

| | अमेरिका (संघीय) | भारत |
|---|---|---|
| नकार देता येतो? | धोका खरा असेल तर हो | संबंधित प्रश्नाला नाही |
| कवच कोण देतं? | सरकारच्या अर्जावर कोर्ट | कायदा स्वतः |
| मौनाचा परिणाम | दिवाणीत विरुद्ध अनुमान | कोर्टाची सक्ती. टाळणाऱ्या पक्षकाराविरुद्ध अनुमान |
| जुनं अभय नव्या साक्षीला? | लागू नाही | प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे तपासायचं |

पहिलं भोक ‘भाग पडलं’ या शब्दांत. हरकत न घेता दिलेलं उत्तर सक्तीचं की स्वेच्छेचं, यावर उच्च न्यायालयांत जुना वाद होता. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये आर. दिनेश कुमार प्रकरणात साक्षीदाराच्या बाजूनं भूमिका घेतली: शपथेवर पिंजऱ्यात उभ्या असलेल्याला उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसतं. तरीही हरकत नोंदवून घ्यावीच. ‘या उत्तरानं माझ्यावर गुन्हा येऊ शकतो, कोर्टाच्या आदेशानं सांगतो’ हे एक वाक्य जबानीत उतरलं की नंतरची भांडणं टळतात.

आजकाल दिवाणी दाव्यात सरतपासणी (आपल्या बाजूनं दिलेली मूळ साक्ष) प्रतिज्ञापत्रावर होते आणि उलटतपासणी बऱ्याचदा साक्ष नोंदवायला कोर्टानं नेमलेल्या कमिशनरपुढे. पक्षकारानं आपण होऊन दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्राला सक्ती म्हणणं फार अवघड, त्यामुळे गोत्यात आणणारं काही तिथं लिहू नये. कमिशनरपुढच्या हरकतींचा निर्णयही तिथल्या तिथं होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ४ प्रमाणे त्या नोंदवल्या जातात आणि युक्तिवादाच्या वेळी कोर्ट त्या ठरवतं. नाजूक प्रश्न येणार हे माहीत असेल तर उलटतपासणी न्यायाधीशापुढेच व्हावी असा अर्ज आधी द्यावा.

दुसरं भोक: कवच फौजदारी कारवाईपुरतं. त्याच उत्तरावर दिवाणी हुकूमनामा होऊ शकतो. तिसरं: पोलिसांकडे स्वतंत्र पुरावा असेल तर खटला थांबत नाही, फक्त तुमचं उत्तर बाजूला राहतं.

पिंजऱ्यात यायचंच टाळलं तर? साक्षीदाराला समन्स निघतं, पुढे वॉरंट. पक्षकार टाळत असेल तर विद्याधर विरुद्ध माणिकराव (१९९९) हा निकाल प्रत्येक जिल्हा कोर्टात त्याच्यावर फेकला जातो: पक्षकार स्वतः शपथेवर उलटतपासणीला सामोरा गेला नाही तर त्याचं म्हणणं खरं नाही असं अनुमान निघतं. फक्त चारित्र्यावर चिखल उडवणारे, मुद्द्याशी संबंध नसलेले प्रश्न असतील तर उत्तराची सक्ती करायची की नाही हे साक्ष अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे कोर्ट ठरवतं. म्हणून भारतात पहिली हरकत ‘असंबद्ध’ ही घ्यायची, ‘गुन्ह्यात सापडेन’ ही दुसरी.

भारतातला माफीचा साक्षीदार हा वेगळा प्राणी. त्याची माफी संपूर्ण, खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर असते. दिवाणी दाव्यात त्यानं आधीच्या जबानीला छेद देणारं काही सांगितलं तर फौजदारी बाजूला ‘अट मोडली’ असा मुद्दा उभा राहू शकतो. त्यानं जुनी जबानी समोर ठेवून, शब्द तोलूनच बोलावं.

दोन्ही देशांत पाय असेल तर

साक्ष अमेरिकेत आणि भीती भारतातल्या खटल्याची असेल, तर पाचवी दुरुस्ती कामाला येत नाही. परदेशी खटल्याची भीती तिच्या कक्षेत नाही, असं १९९८ च्या बाल्सिस निकालानं स्पष्ट केलं. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांनाही हा हक्क पूर्ण आहे, पण भीती फक्त देशाबाहेर काढलं जाण्याची असेल तर तेवढ्यावर गप्प राहता येत नाही. ती कारवाई दिवाणी मानली जाते.

उलट दिशेनं स्थिती जरा बरी आहे. अमेरिकन दाव्यासाठी पुण्यातल्या साक्षीदाराची साक्ष हेग पुरावा कराराखाली विनंतीपत्र पाठवून घेतली जात असेल (भारत त्यात २००७ पासून आहे), तर त्या कराराच्या अनुच्छेद ११ नुसार साक्षीदाराला दोनपैकी कुठल्याही देशाच्या कायद्यातला नकाराचा हक्क सांगता येतो. म्हणजे जो हक्क पुण्याच्या दिवाणी दाव्यात नाही, तो पुण्यातच बसून मागता येतो. फक्त परदेशी कायद्यातला हक्क विनंतीपत्रात नमूद असावा लागतो किंवा विनंती करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्यानं त्याला दुजोरा द्यावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतल्या वकिलाला पत्र निघायच्या आधी गाठावं. कमिशनरसमोर खुर्चीत बसल्यावर तो दुजोरा मागवायला वेळ उरत नाही.