नवजात विभागासाठी पल्स ऑक्सिमीटर: साधा घ्यावा की हालचालीत टिकणारा?

तालुक्याच्या गावात नवजात बाळांचा छोटा विभाग सुरू करणारे डॉक्टर मित्र हा प्रश्न हमखास विचारतात. एकीकडे जुन्या पद्धतीचा टेबलावरचा ऑक्सिमीटर (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, टक्क्यांत दाखवणारं यंत्र), दुसरीकडे बाळाच्या हालचालीतूनही नाडीचा सिग्नल वेगळा काढणारा, त्याहून बराच महाग. मी दोन्ही वापरले आहेत. आज माझ्याकडच्या वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावर) दुसरा आहे, तरी पहिल्याला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही.

बाळ झोपलेलं असेल, पाय गरम असेल आणि प्रोब (हातापायाला लावायचा सेन्सर) नीट बसला असेल, तर दोन्हींच्या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक मला दिसलेला नाही. एबीजीशी, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी, ताडून पाहिलं तेव्हाही नाही. (ताडताना एक बघा: एबीजीच्या कागदावरचं सॅच्युरेशन खरोखर मोजलेलं आहे की पीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबावरून हिशेबाने काढलेलं? तो हिशेब बहुधा मोठ्या माणसांच्या हिमोग्लोबिनवर बेतलेला असतो. बाळाचं फीटल, म्हणजे गर्भात असतानाचं, हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे तो आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो आणि दोष उगाच ऑक्सिमीटरवर जातो.) कंपन्या नवजात बाळांसाठी साधारण ±३ टक्क्यांची अचूकता सांगतात, आणि तीही सुमारे दोन तृतीयांश वेळाच लागू पडते. म्हणजे ९१ दिसलं तर खरा आकडा ८८ असू शकतो, ९४ही असू शकतो. इथपर्यंत दोघेही सारखेच.

फरक पडतो बाळ पाय झाडायला लागलं की. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये जपानमध्ये पल्स ऑक्सिमीटरची जी कल्पना मांडली, तिचा पाया असा की जे ठोक्यागणिक कमीजास्त होतं तेच धमनीतलं रक्त. बाळ हललं की शिरांमधलं रक्तही पुढेमागे होतं. साधं यंत्र त्यालाही धमनीचं रक्त समजतं आणि आकडा कोसळतो. ९३ वरून ७६, अलार्म, पुन्हा ९२.

माझा निर्णय या एका त्रासाने झाला. अलार्मच्या आवाजाचं मला फारसं काही नव्हतं. पण रात्रपाळीची सिस्टर एकटी, समोर सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) कमी दिवसांचं बाळ, आणि आकडा ७६. ती ऑक्सिजन वाढवणारच. तिची चूक म्हणता येत नाही, मीही तेच केलं असतं. थोड्या वेळाने बाळ शांत होतं, आकडा ९८ वर जातो, अलार्म थांबतो. आणि वाढवलेला ऑक्सिजन तसाच चालू राहतो, कारण ९८ बघून कुणाला काळजी वाटत नाही. ९५ च्या वर सॅच्युरेशन आणि पीओटू यांचा वक्र जवळजवळ सपाट असतो. ऑक्सिजन चालू असताना ९८ दिसतंय, तेव्हा रक्तातला पीओटू ८० आहे की २००, हे ऑक्सिमीटर सांगूच शकत नाही. आरओपीचा, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्याचा पडदा बिघडण्याचा, धोका तिथून सुरू होतो. खाली खोटा घसरलेला आकडा बाळाला वरच्या बाजूला नेऊन ठेवतो. माझ्या लेखी नवजात बाळाच्या बाबतीत अचूकतेचा खरा प्रश्न हा आहे.

म्हणून सॅच्युरेशनचं लक्ष्य आणखी खाली ठेवावं, असंही करता येत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमी दिवसांच्या बाळांवरच्या सपोर्ट चाचणीत ८५–८९ आणि ९१–९५ अशी लक्ष्यं असलेल्या दोन गटांची तुलना होती. खालच्या गटात गंभीर आरओपी कमी झाली, पण मृत्यू वाढले. खाली दरी, वर डोळे, आणि मधली वाट चार-पाच टक्क्यांची. त्या वाटेवर चालताना हललेल्या पायामुळे पंधरा टक्के चुकणारं यंत्र मला नको वाटलं.

नव्या यंत्रातही खोट आहे, हे सांगायला हवं. याच प्रश्नावरच्या बूस्ट-टू चाचण्या चालू असताना त्यांतल्या अशाच पद्धतीच्या ऑक्सिमीटरमध्ये ८७ ते ९० च्या दरम्यानचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी वेळा उमटतात असं आढळलं, आणि मध्येच सॉफ्टवेअर बदलावं लागलं. शिवाय प्रोब महाग, आणि दुसऱ्या कंपनीचा लावला की फायदा संपला. साध्याचा प्रोब जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याही डीलरकडे मिळतो, ही लहान गावात मोठी सोय आहे.

डेमो घेताना दोन्हींची ॲव्हरेजिंगची (किती सेकंदांची सरासरी दाखवायची ती) वेळ सारखी करून घ्या. साधं यंत्र १६ सेकंदांवर ठेवलं की तेही शांत दिसतं, पण मग छोट्या ॲपनियातली (श्वास थांबण्यातली) खरी घसरणही पुसली जाते.

काही गोष्टी कुठल्याही यंत्राने सुटत नाहीत. फोटोथेरपीच्या (काविळीवरच्या उपचाराच्या) उजेडात प्रोब झाकावाच लागतो. प्रोब आवळून बांधला तर आकडा बिघडतो आणि कातडीही, म्हणून जागा दर काही तासांनी बदलायची. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, हे मोठ्यांमध्ये २०२० पासून ठळकपणे पुढे आलं आणि नंतर कमी दिवसांच्या बाळांमध्येही दिसलं. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही.

लेबर रूमचा विचार केला तर माझं पारडं आणखी झुकतं. जन्मानंतर सॅच्युरेशनची अपेक्षा अशी: पहिल्या मिनिटाला ६०–६५, पाचव्याला ८०–८५, दहाव्याला ८५–९५, तेही उजव्या हातावर. गार पडलेला, ओला हात असताना साधं यंत्र आकडा पकडेपर्यंत माझ्या अनुभवात महत्त्वाची मिनिटं निघून जायची. जन्मजात हृदयदोषाच्या तपासणीत उजवा हात आणि पाय यांत तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुढची पावलं उचलायची असतात. त्यासाठी २०११ च्या अमेरिकी शिफारशींनीही हालचालीत टिकणारंच यंत्र सुचवलं होतं.

पैसे एकाच महाग यंत्रापुरते असतील तर ते ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाला लावा, आणि लेबर रूममध्ये गरज पडली की तेच उचलून न्या. फोटोथेरपीखालच्या पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाला साधं पुरतं. माझ्याकडचं जुनं यंत्र आजही तिथे चालू आहे.