जुनं सान हुआन की कार्ताहेना?

कॅरिबियनमध्ये चार-पाच दिवस काढायचे आहेत आणि नुसता समुद्र नको, तटबंदी, रंगीत गल्ल्या, रात्री जागणारं गावही हवं, असं म्हणणाऱ्यांच्या यादीत पोर्तो रिकोचं जुनं सान हुआन आणि कोलंबियातलं कार्ताहेना बहुतेकदा शेजारीशेजारी असतात.

अमेरिकेत एच-वन-बीवर आहात आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे? मग प्रश्न इथेच मिटला. पोर्तो रिकोला जाणं म्हणजे अमेरिकेबाहेर जाणं नव्हे. पासपोर्ट आणि आय-797 (एच-वन-बी मंजुरीची नोटीस) तेवढं जवळ ठेवा. कार्ताहेनाहून परतायला मात्र चालू व्हिसा लागेल.

किल्ल्यांत सान हुआन उजवं. एल मोरो आणि सान क्रिस्तोबल एकाच तिकिटात होतात आणि ते 24 तास चालतं. म्हणून सान क्रिस्तोबल दुपारनंतर करा आणि एल मोरो दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या, कारण त्याच्यासमोरच्या माळावर सावली नावाला नाही. सान क्रिस्तोबलच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारी पाच मोठी टाकी आहेत. आपल्या गडांवर ज्यांची नजर आधी पाण्याकडे जाते, त्यांनी ती चुकवू नयेत. कार्ताहेनाच्या सान फेलिपे किल्ल्याची भुयारंही बघण्यासारखी आहेत. शत्रूची चाहूल लांबूनच लागावी म्हणून पावलांचा आवाज घुमेल अशीच ती बांधली आहेत.

संध्याकाळ मात्र कार्ताहेनाची. हेत्सेमानी या जुन्या वस्तीतल्या त्रिनिदाद चौकात अंधार पडला की अख्खी वस्ती ओट्यांवर येऊन बसते. सान हुआनला क्रूझची जहाजं जुन्या गावाच्या पायथ्याशीच लागतात. दोन-तीन एकदम आली की दिवसा गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. बंदराचं वेळापत्रक पाहूनच किल्ल्याचा दिवस ठरवा.

तरीही माझं पारडं सान हुआनकडे झुकतं, आणि त्याला कारण एकच: कार्ताहेनात दिवसभर दर ठरवत बसावं लागतं. टॅक्सीला मीटर नाही, म्हणून दार उघडण्याआधी भाडं बोला. तिथल्या चलनाची, पेसोची, खूणही डॉलरसारखीच असते, आणि बोलताना ‘हजार’ गाळतात. ‘वेइन्ते’ म्हणजे वीस नव्हे, वीस हजार पेसो. अंधारात पाच हजाराची आणि पन्नास हजाराची नोट देताना शून्यं मोजा. बोकाग्रांदेच्या किनाऱ्यावर बसलात की कुणीतरी न विचारता खांदे चेपायला लागतं, कुणी कालव फोडून हातात देतं. ‘चव बघा’ म्हणून सुरू झालेलं हे बिलावर संपतं. न थांबता ‘नो, ग्रासियास’ म्हणा. घ्यायचंच असेल तर एकूण आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा आणि मगच हात लावू द्या. काहींना हा बाजाराचाच भाग वाटेल, आणि तेही बरोबर आहे. पण म्हातारे आईवडील आणि लहान मुलं सोबत असली की तिसऱ्या दिवशी याचा शीण जाणवतो.

सान हुआन महाग पडतं, हे खरं. पोहायला गावात किनारा नाही. जवळच्या एस्कांब्रोनला जा, तिथे खडकांच्या आडोशाला पाणी शांत असतं. कोंदादोच्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ जोरदार असते. निळसर फरशांच्या गल्ल्या पावसात निसरड्या होतात, तेव्हा रबरी तळव्यांचे बूट घाला. गाडी घेतलीत तर ती ‘दोन्या फेला’ नावाच्या पार्किंगमध्येच ठेवा.

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे सारखीच कसरत. सान हुआनच्या मोफोंगोत, म्हणजे तळून कुटलेल्या कच्च्या केळ्यांच्या गोळ्यात, बहुधा डुकराची कुरकुरीत चरबी कुटलेली असते, घेवड्याच्या उसळीत हॅम. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) पुरत नाही, ‘सिन हामोन, सिन तोसिनो’ (हॅम नको, बेकन नको) हेही सांगा. कार्ताहेनाचा नारळीभात आणि केळ्याचे पाताकोन मात्र कोकणी जिभेला लगेच रुचतात.

सुट्टी सप्टेंबरातच मिळणार असेल, तर मीही कार्ताहेनाच सुचवेन. ते चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे. सान हुआन बरोबर त्या वाटेवर. ऑक्टोबर मात्र टाळा, तेव्हा कार्ताहेनाच्या सखल गल्ल्या पावसाने तुंबतात.