सिल्ट फेन्सचा तयार रोल: कापड दमदार, खुंट कुचकामी

सिल्ट फेन्स म्हणजे उघड्या जमिनीवरून वाहणारा गाळ अडवणारं कापडी कुंपण. त्याचा बाजारात मिळणारा हा रोल 30 मीटर लांब आणि 90 सेंमी रुंद आहे. विणलेलं काळं पॉलिप्रॉपिलीन, दर दोन मीटरला स्टेपल केलेला लाकडी खुंट.

ठाणे-नवी मुंबईत तेलविहिरी नाहीत, मुंबई हाय हे तेलक्षेत्र भर समुद्रात आहे. पण गॅस लाइनच्या आडव्या ड्रिलिंगसाठी खड्डे खणतात, यंत्रासाठी जागा सपाट करतात, आणि तेलविहिरींसाठी सपाट केलेल्या जागेवर होतं तेच इथंही होतं. गवत गेलं, मुरूम मोकळा झाला, जूनमध्ये सगळं गटारात आणि तिथून खाडीत. तिवरांची श्वसनमुळं जाड गाळाखाली बुजली की झाडं मरतात, आणि ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. इतक्या साध्या वस्तूने हे बरंच टळतं, म्हणून ती नीट लावली जायलाच हवी.

कापड खरंच चांगलं आहे, ओढून फाटत नाही. खुंट मात्र काढूनच टाका. पारसिकच्या डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत ते वीतभर गेले की चिरतात. त्याऐवजी 12 मिमी सळईचे सव्वा मीटरचे तुकडे घ्या, पहारीने भोक पाडून 50 सेंमी आत ठोका, टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घाला. सळई उताराच्या खालच्या बाजूला, कापड वरच्या बाजूला. कापडाची कड दुहेरी दुमडून मगच बाइंडिंग वायर ओवा, नाहीतर भरल्या पाण्याच्या दाबाने तार कापड चिरत जाते.

सगळ्यात जास्त घोळ चरात होतो. चर 15 सेंमी खोल, 15 सेंमी रुंद. कापडाचा खालचा 30 सेंमी भाग त्यात आधी उभा, मग तळाशी आडवा बसवायचा, वर माती भरून धुम्मसने ठोकायची. नुसती कड टेकवून वर मुरूम ओढला तर पाणी पहिल्याच पावसात खालून वाट काढतं.

हे कापड पाणी गाळून देतं, असा समज आहे. प्रत्यक्षात छिद्रं लवकर बुजतात. त्यानंतर गाळ अडतो तो कुंपणामागे साचलेल्या पाण्यात खाली बसून. म्हणून कुंपण समपातळीत घ्या आणि दोन्ही टोकं उताराच्या वरच्या बाजूला वळवा. एका रोलमागे जास्तीत जास्त 10 गुंठ्यांचं पाणी येऊ द्या. वाहत्या नाल्यात आडवं तर कधीच लावू नका, ते उखडतंच. गाळ 20 सेंमीवर आला की उपसा. स्वस्त म्हणून हिरवी शेडनेट लावतात, तिच्यातून बारीक माती सरळ निघून जाते.

ड्रिलिंगमध्ये वापरतात त्या बेंटोनाइटच्या, म्हणजे बारीक चिकणमातीच्या, गाऱ्याला मात्र हा रोल चालत नाही. त्याचे कण इतके बारीक असतात की तासन्‌तास खाली बसत नाहीत. त्यासाठी वेगळा खड्डा आणि उपसायला टँकर लागतो, तो खर्च आधीच धरा.